आगाऊ हजेरी

हे कोणी मानणार नाही, असं देवमन इंगोले गोष्टीला हात घालण्याआधीच सांगून टाकायचा. रिसोडच्या बाजारात कोणी मानलं नाही, वाशिमच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसांनी मानलं नाही, आणि किन्हीराजाचा एक माणूस तर अर्ध्यातूनच उठून बैल जुंपायला गेला. तेव्हा तुम्हीही मानू नका, नुसतं ऐका, असं म्हणून तो फाटकाजवळच्या स्टुलावर एक पाय वर घेऊन बसायचा, आणि मग समोरच्याला मानायला लावल्याशिवाय तो पाय खाली यायचा नाही.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतरची ती दुपार. अनसिंगच्या शेठ घेवरचंदांच्या जिनिंगचा हंगाम उघडायचा होता. कापसाच्या पहिल्या गाड्या अजून रस्त्यात होत्या, आणि कामाला आलेली बायामाणसं शेडबाहेर सावली धरून बसली होती. आत चाळीस रेचे दोन रांगांत उभे होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. चाळीस एकदम चालू झाले की नवराबायकोलाही हातवाऱ्यांनी भांडावं लागे. आज मात्र सगळं गप्प होतं.

देवमन या जिनिंगचा जुना हजेरीबाबू. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्याची खुर्ची गेली आणि हे फाटकाजवळचं स्टूल आलं. पण एक सवय जुनीच होती. स्वतःची गोष्ट सांगतानाही तो ‘मी’ म्हणत नसे, ‘देवमन’ म्हणे. जणू देवमन कोणी तिसराच, आणि आपण फक्त त्याच्या मागेमागे चालत गेलेले.

तर हा देवमन असा हजेरीबाबू होता, की महिन्याची हजेरी एक तारखेलाच पुरी. एकशे बेचाळीस नावं. एक तारखेच्या संध्याकाळी टाक बुडवायचा आणि एकतीस तारखेपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत सगळ्यांना हजर करून टाकायचा. वर टिपकागद दाबला की महिना संपला. त्यामागं कारणही होतं. अकोल्याहून फॅक्टरी इन्स्पेक्टर कधी टपकेल याचा नेम नसे, आणि साहेबलोकांना भरलेलं रजिस्टर आवडतं. खाडाखोड केली तर प्रत्येक खाडाखोडीवर शेठची सही लागे, आणि सही मागितली की शेठचं जेवण बिघडे. म्हणून देवमननं खाडाखोडच बंद केली. रजिस्टर बदलायचं नाही. माणूस बदलायचा.

कोणी कामावर आला नाही, की देवमन त्याला आणायला जायचा. सोमला नावाचा एक गडी तांड्यावर हिवतापानं फणफणत पडला होता. देवमननं त्याला गाडीत घालून आणला, रुईच्या गठाणींमागं निजवला, गळ्यात पितळी बिल्ला अडकवला. हजर. एक बाई बहिणीच्या लग्नाला रिसोडला गेली होती. तिला हळदीच्या मांडवातून उठवून आणली. जगदेवचं तर स्वतःचंच लग्न होतं. तो मुंडावळ्या बांधून तासभर रेच्यापाशी बसला, हजर झाला, आणि मग बोहल्यावर गेला. बायको अजूनही म्हणते, की नवरा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर अक्षतांच्या आधीच कापूस होता.

ऐकणारे इथं हसायचे. देवमन हसू द्यायचा.

फक्त एका प्रकारच्या माणसाला आणता येत नसे. कोणी मेलं, तर त्या माणसाच्या उरलेल्या रकान्यांवर देवमन पांढऱ्या कागदाची पट्टी खळीनं चिकटवायचा. खाडाखोड नाही, सही नाही. हंगामाला अशा दोनच पट्ट्या लागत. एखाद्या सालात एक, एखाद्या सालात तीन, पण सरासरीनं दोन. अकरा वर्षांच्या रजिस्टरात गैरहजेरी म्हणून दुसरं काही नव्हतंच. आजारी, रुसलेले, पाहुण्यांकडं गेलेले, सगळे हजर. पट्टी होती ती फक्त गेलेल्यांवर.

मग पंचाहत्तर साल आलं. आणीबाणी लागली आणि सगळा मुलूख वेळेवर यायला लागला. एस.टी. वेळेवर, तलाठी वेळेवर. देवमन तर म्हणायचा, की त्या साली अनसिंगातला कावळासुद्धा भोंगा झाल्याशिवाय ओरडत नसे. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला इन्स्पेक्टर आला. नवा होता, बारीक होता, आणि त्यानं चहा घेतला नाही. रजिस्टर उघडलं, आणि त्याला तीस तारखेपर्यंत सगळे हजर दिसले.

त्यानं शांतपणे विचारलं, की आज अकरा आहे, तर हे लोक तीस तारखेला आले कसे. देवमननंही तितक्याच शांतपणे सांगितलं, की येतात, साहेब. नाही आले तर आपण आणतो.

इन्स्पेक्टर रागावला नाही. देवमन म्हणायचा, तो रागावला असता तर पुढचं काही झालं नसतं. त्यानं नोटीस काढली: मागच्या अकरा वर्षांची आणि चालू हंगामाची सगळी हजेरी फेब्रुवारीअखेर अशा रीतीनं ठेवून दाखवा, की कोणाला हात लावता येणार नाही, नाहीतर कारखान्याचा परवाना रद्द. आणि शेरेबुकात सुबक अक्षरात एक ओळ लिहिली, ‘नोंद आणि माणूस तंतोतंत जुळले पाहिजेत.’

परवाना गेला तर रेचे बंद, आणि रेचे बंद म्हणजे एकशे बेचाळीस चुली बंद. शेठ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा देवेंद्रकुमार, जो पुण्याला शिकून आला होता, म्हणाला, की हे काम आता माणसाचं राहिलं नाही. आणि तो मुंबईहून मशीन घेऊन आला.

ती कोण्या विलायती कचेरीनं मोडीत काढली होती. ट्रकमधून उतरवायला अठरा हमाल लागले, आणि देवमनच्या सांगण्याप्रमाणे ती जमिनीला लागली तेव्हा जिनिंगच्या विहिरीचं पाणी एक हात वर आलं. दोन कपाटांएवढी, रंगानं राखाडी. एका तोंडातून जाड कार्डं आत जायची, दुसऱ्यातून बाहेर पडायची, आणि मधल्या पोटात त्यांना चौकोनी भोकं पडायची. एका कामगाराचं महिन्याला एक कार्ड; जितके दिवस हजर तितकी भोकं. बाजूला भोकाभोकांचा एक फळा होता. त्यात रंगीत तारा खोचायच्या. कोणती तार कुठं खोचली यावर मशीननं काय करायचं ते ठरे. ती चालू केली की कचेरीतला दिवा मंद व्हायचा आणि निंबाच्या झाडावरचे पोपट वाशिमच्या दिशेनं निघून जायचे.

डिसेंबरभर दोघं बसले. देवमननं अकरा वर्षांची रजिस्टरं वाचायची, देवेंद्रकुमारनं खटके दाबायचे. हजर, हजर, हजर. पट्टी आली की देवमन थांबायचा आणि खटका पडायचा नाही. सगळं आत गेल्यावर देवेंद्रकुमारनं इन्स्पेक्टरची ती ओळ समोर ठेवली आणि तिच्याप्रमाणे एक लाल तार फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवली. आता नोंद आणि माणूस वेगळे होणंच शक्य नाही, असं तो म्हणाला. देवमनला ते तेव्हा फार बरं वाटलं होतं.

जानेवारीच्या एक तारखेला कोरी कार्डं मशीनच्या तोंडात लावली. रोज संध्याकाळी कार्डं लावायची आणि त्या दिवसाचं एकेक भोक पडायचं, असं ठरलं होतं. पण मशीन सुरू झाली ती थांबेचना. कार्डं बाहेर पडली तेव्हा त्यांत एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत भोकं होती, फक्त आठवडी बाजाराच्या सुट्टीचे रकाने तेवढे वगळून.

देवमन पोट धरून हसला. अकरा वर्षं एकट्यानं जी चाल चालवली, ती या लोखंडी पोरीनं एका महिन्यात उचलली होती. देवेंद्रकुमारनं कपाळाला आठ्या घातल्या, तारा तपासल्या, आणि बेरीज जुळते आहे ना, मग असू द्या म्हणाला.

एका कार्डात मात्र भोकं सतराला थांबली होती. रामकिसनचं कार्ड. खिळा अडकला असेल, असं म्हणून देवमननं ते गठ्ठ्यात सारलं.

अठरा तारखेला दुपारच्या सुट्टीत रामकिसन रुईच्या खोलीत गेला. रेच्यांतून निघालेली रुई त्या खोलीत छतापर्यंत साचायची. तासाभरानं माणसं गेली तर तो भिंतीला टेकून बसलेला होता, मांडी घातलेली, हात मांडीवर. नाकातोंडात रुई. कुठं धडपड नाही, झटापट नाही. पांढऱ्या रुईत पांढरा झालेला माणूस, जणू कोणी त्याच्यावर पट्टी चिकटवली होती.

समोरच्यांचं हसणं इथं थांबायचं. देवमन ते थांबेपर्यंत वाट पाहायचा.

त्या संध्याकाळी देवमननं ते कार्ड काढून देवेंद्रकुमारपुढं ठेवलं. देवेंद्रकुमारनं सतराव्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मशीन स्वतःहून काहीच करत नाही, बाबूजी. तुमची अकरा वर्षं करते. तुमच्या रजिस्टरात दर हंगामाला दोन माणसं कमी होतात, आणि नोंद आधी होते, माणूस मागून जुळवला जातो. ते तिनं धरलं.” एवढं बोलून त्यानं कार्ड परत दिलं आणि हलक्या आवाजात पुढं जोडलं, “त्या हिशेबानं अजून एक बाकी आहे.”

लाल तार काढून टाका, असं देवमननं विनवलं. पण तार काढली तर पाठीमागची अकरा वर्षंही विस्कटणार होती, आणि फेब्रुवारीअखेर इन्स्पेक्टर दारात उभा राहणार होता. देवेंद्रकुमारनं शेवटी असं काही नसतं म्हणून विषय मिटवला, पण त्यानंतर तो मशीनच्या खोलीत एकटा गेला नाही.

देवमननं हे एकाच माणसाला सांगितलं, जानरावला. जानराव तेलवाला. रेच्यांच्या ओट्याखाली एक भुयार होतं, त्यातून लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्याच्या पट्ट्यांवर वरचे चाळीसही रेचे चालायचे. जानराव तेलाची बुधली घेऊन त्या भुयारातून वाकून फिरायचा. दोघं एकाच वस्तीतले, एकाच दिवशी कामाला लागलेले. देवमनचा बिल्ला एकसष्ट, जानरावचा बासष्ट. दुपारी दोघांच्या भाकरी एकाच फडक्यावर उघडायच्या. जानराव सगळं ऐकून हसला, आणि फेब्रुवारीची कार्डं निघाल्यावर त्यानं स्वतःच विचारलं, की माह्यी भोकं पुरी हायेत ना. पुरी हायेत, असं देवमन म्हणाला. तेव्हा ती खरंच पुरी होती.

फेब्रुवारीची कार्डं निघताना देवमन मशीनच्या तोंडाशी हात धरून उभा होता. मशीननं एकोणतिसाव्या दिवसाचंही भोक पाडलं. यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा आहे, हे देवमनच्याही ध्यानात नव्हतं; त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, तर मशीनचंच खरं. मग अठ्ठ्याऐंशी नंबरचं कार्ड हातात पडलं. तेरा तारखेपर्यंत भोकं. चौदापासून कोरं.

अठ्ठ्याऐंशी नंबर विमलबाईचा. रेच्यावर कापूस घालायला बसणारी विमलबाई, देवमनची बायको.

गोष्ट इथं आली तेव्हा समोर बसलेल्या बायकांतून विमलबाई उठली. दर वेळी ती इथंच उठायची, पाणी आणते म्हणून. तिला ही गोष्ट पुढं ऐकायची नसे, आणि असं का ते कोणी विचारलं नव्हतं. आज ती कळशी घेऊन फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बाहेरून एक बाई येत होती, किन्हीराजाच्या एस.टी.तून उतरून, काखेत बोचकं, पायात धूळ. जानरावची बायको, केशरबाई. नवरा गेल्यावर ती माहेरी गेली होती, आणि पावणेचार वर्षांनी पहिल्यांदा हंगामाला काम मागायला आली होती. विमलबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग कळशी खाली ठेवली, स्वतःचं बसायचं पोतं उचलून आणलं, आणि भिंतीच्या कडेला तिच्यासाठी अंथरलं. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मोतीबिंदूमुळं देवमनला त्या दिशेला फक्त उजेड दिसत होता.

तो पुढं सांगत होता. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. विमलबाई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची उलटली आणि म्हणाली, “मंग दळण तेरालेच आना लागन. चौदाले कोन जाईन?” एवढंच. पण त्या दिवशीची भाकरी जळली, आणि लग्नापासून तिची भाकरी कधी जळली नव्हती.

बेबीताई म्हणून एक दांडगी बाई पुढंच बसली होती. ती म्हणाली, “हातोडा नोता का जिनिंगमंदी? मोडून काहून नाई टाकली?”

देवमननं मान हलवली. टाक मोडला म्हणून लिहिलेलं पुसतं का, असं त्यानं उलट विचारलं. कार्डं बाहेर पडली होती. नोंद झाली होती. आता तिच्याशी माणूस जुळायचा तेवढा बाकी होता, आणि ते काम कोणी करायचं नसतं, ते होतं. घरी ठेवली असती तरी झालं असतं, माहेरी पाठवली असती तरी. अकरा वर्षं देवमन माणसं जिथं असतील तिथून शोधून आणत होता. मशीनला कोणी शोधायला शिकवायची गरज नव्हती.

मग देवमनला वाटलं, नोंदच बदलावी. त्यानं ओळखीच्या कंडक्टरकडून तिकिटाला भोक पाडायचा चिमटा मागून आणला आणि विमलबाईच्या कार्डात चौदापासून एकोणतीसपर्यंत भोकं पाडली. बाजाराचे दोन दिवस सोडून चौदा भोकं. कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन आत काहीतरी दळत राहिली, मग घंटा वाजली, लाल दिवा लागला, आणि कार्ड थुंकल्यासारखं जमिनीवर पडलं.

देवेंद्रकुमारला त्यानं आडून विचारलं. तो म्हणाला, एकूण भोकांची बेरीज आत बांधलेली आहे. कोणी लबाडीनं एक भोक वाढवलं तर मशीन धरते, तेच तर इन्स्पेक्टरला हवंय. इथं वाढलं तर दुसरीकडं तितकंच कमी व्हायला पाहिजे, तर ती गप्प बसेल. हे सांगताना त्यानं देवमनकडं पाहिलं नाही.

म्हणजे चौदा भोकं दुसऱ्या कोणाची तरी बुजवायची होती.

तेरा तारखेच्या दुपारी सगळे रेच्यांवर असताना देवमन मशीनच्या खोलीत बसला. पुढं रामकिसन गेल्यावर उरलेली एकशे एक्केचाळीस कार्डं, वाटीत खळ, आणि मशीनच्या पोटातून निघालेले कागदाचे चौकोनी बारीक तुकडे. एकेक कार्ड उचलायचा आणि ठेवायचा. सोमलाचं उचललं, तर त्याला तापात गाडीत घातलेला आठवला. जगदेवचं उचललं, तर मुंडावळ्या. प्रत्येकाला देवमननं कधी ना कधी स्वतःच्या हातानं ओढून आणलं होतं, प्रत्येकाच्या घराचं दार त्याला माहीत होतं. कोणाला म्हातारी आई, कोणाच्या पोटात पोर. बाहेर चाळीस रेचे गरजत होते, आणि त्या आवाजात त्यानं कोणाचं नाव मोठ्यानं घेतलं असतं तरी कोणाला ऐकू आलं नसतं.

इथं देवमनचा आवाज खाली आला. दर वेळी यायचा, आणि मग तो पुढचं जरा भरभर सांगायचा.

शेवटी त्यानं एकसष्ट नंबरचं कार्ड काढलं. स्वतःचं. खळ बोटावर घेतली आणि चौदा भोकांत चौदा तुकडे बसवले, एकेक दाबून, वर टिपकागद धरून. दोन्ही कार्डं मशीनमध्ये घातली. ती दळत राहिली. घंटा वाजली नाही.

सावलीत बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले.

चौदा तारखेला देवमन कामावर गेलाच नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. विमलबाईला त्यानं पाठवून दिलं आणि दाराची कडी न लावता घोंगडीवर उताणा पडून राहिला, जे काय यायचं ते येऊ द्या म्हणून. गावात जिनिंगचा आवाज भरून होता. घरातल्या पितळेच्या तांब्यातलं पाणीही त्यानं थरथरायचं. आणि साडेअकराच्या सुमाराला ते पाणी थांबलं.

देवमन म्हणायचा, त्यानं आवाज थांबल्याचं आधी ऐकलं नाही, आधी पाणी पाहिलं. मग त्याला ती शांतता ऐकू आली. तो धावला. फाटकात बायका उभ्या होत्या आणि कोणी रडत नव्हतं. विमलबाई त्यांच्यात होती, सरकीनं भरलेले हात अधांतरी धरून, धडधाकट. भुयाराच्या तोंडाशी तेलाची बुधली उलटी पडली होती. जानरावच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली होती, आणि बाहीमागून जानराव गेला होता. मिस्त्रीनं इंजिन बंद करेपर्यंत दांडा फिरतच होता.

देवमननं इथं उपरण्यानं डोळे पुसले. मोतीबिंदूनं ते तसेही पाणवायचे.

मशीन चुकली, तो म्हणाला. विलायती असली तरी म्हातारी होती, मोडीतली होती. एकसष्ट आणि बासष्ट गठ्ठ्यात एकावर एक. खळ अजून ओली होती. दोन कार्डं एकमेकांना चिकटली असतील, आणि एकाची नोंद दुसऱ्याला लागली असेल. मरायला देवमन घोंगडीवर तयार पडला होता आणि मरण शेजारच्या नंबरात शिरलं. त्याचंच त्याला आयुष्यभर वाईट वाटत राहिलं. एकोणतीस तारखेला इन्स्पेक्टर आला; बेरीज जुळली, नोंद आणि माणूस जुळले, परवाना राहिला. पुढच्या हंगामाला शेठनं ती मशीन भंगारात घातली. आणि देवमननं परत कधी आगाऊ हजेरी लावली नाही.

तो पाय खाली घेणार होता. गोष्ट संपली की तो पाय खाली घ्यायचा, आणि मग कोणीतरी त्याला विडी द्यायचं. पण आज कोणी हललं नाही. सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या होत्या. तिकडं पोत्यावरून कोणीतरी उठल्याची सळसळ देवमनला ऐकू आली, आणि पावलं. पावलं त्याच्या स्टुलापाशी येऊन थांबली. समोरच्या उजेडात एक काळी आकृती उभी राहिली. तिनं बोचक्याची गाठ सोडली, आतून एक जाड कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. कामगाराच्या बायकोनं काम मागायचं तर नवऱ्याचा जुना कागद आणायचा, असं शेठच्या कचेरीतून तिला कळवलं होतं, आणि अपघाताची चौकशी संपल्यावर छोट्या शेठनं, देवेंद्रकुमारनं, तिला दिलेला कागद एवढाच होता.

देवमनचा अंगठा आपोआप कार्डावरून फिरला. भोकं, भोकं, तेरा तारखेपर्यंत भोकं. मग वाळलेल्या खळीचे खरखरीत चौकोन, एकामागं एक. तो मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

“मशीन मी मानली, देवमनभाऊ,” केशरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “पोपट बी मानले, हिरीचं पानी बी मानलं. मले वाचता येत नाई, पन माह्या मानसाच्या बिल्ल्यावरचा बासष्टचा आकडा मले ओळखू येते. कार्डावर तोच हाय, बोट लावून पाहा. तुमी एकसष्टचं कार्ड नाई काढलं. तुमी खोटं बोलून राह्यले.”